मिटिगेट म्हणजे नुसतं 'कमी करणे' का? वापर, घोळ आणि नमुना वाक्यं

तेरणाकाठ

दुष्काळावरच्या कुठल्याही इंग्रजी बातमीत, सरकारी अहवालात आणि स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यात 'मिटिगेट' हा शब्द येतोच. मोबाईलमधल्या शब्दकोशात 'कमी करणे, सौम्य करणे, शांत करणे' एवढेच अर्थ आहेत. ते धरून खालची पाच वाक्यं बनवली आहेत. बरोबर कोणती, चूक कोणती आणि चूक असेल तर कामून, हे जाणकारांनी सांगावं. नुसतं उत्तर नको, कारण पाहिजे.

१. द गव्हर्नमेंट मिटिगेटेड द प्राइस ऑफ डिझेल.
२. फार्म पॉन्ड्स मिटिगेट द इफेक्ट्स ऑफ ड्रॉट.
३. द हीट मिटिगेटेड इन जून.
४. लो रेनफॉल मिटिगेट्स अगेन्स्ट शुगरकेन.
५. द लोन वेव्हर मिटिगेटेड द फार्मर्स.

मन्याड

फक्त दुसरं बरोबर. बाकी चारही चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत, त्यामुळं प्रश्न बेस आहे.

पहिलं वाक्य. मिटिगेटला कर्म लागतं ते वाईट गोष्टीचं: परिणाम, धोका, नुकसान, तीव्रता, झळ. भाव ही नुसती संख्या आहे, ती घटते किंवा वाढते. भावासाठी 'रिड्यूस्ड' किंवा 'कट'. भाववाढीची झळ कमी केली असं म्हणायचं असेल तर 'मिटिगेटेड द इम्पॅक्ट ऑफ द प्राइस राइज' चालेल. म्हणजे 'इम्पॅक्ट' मधे आला की वाक्य सुधारलं.

तिसरं वाक्य. मराठीत 'ऊन कमी केलं' आणि 'ऊन कमी झालं' या दोन्हींची क्रियापदं वेगळी दिसतात. शब्दकोशात 'कमी करणे' वाचून आपण नकळत 'कमी होणे'सुद्धा त्याच शब्दात कोंबतो. मिटिगेट सकर्मक आहे. कोणीतरी किंवा कशानंतरी मिटिगेट करावं लागतं, ऊन आपोआप मिटिगेट होत नाही. तिथं 'द हीट अबेटेड' किंवा साधं 'ईझ्ड'.

चौथ्यात शब्दच दुसरा पाहिजे: 'मिलिटेट्स अगेन्स्ट'. अर्थ, एखाद्या गोष्टीच्या आड येणे, विरोधात वजन टाकणे. मिटिगेटनंतर 'अगेन्स्ट' दिसला की शंका घ्यायची. ही चूक इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात आणि छापूनही येते. म्हणून 'पेपरात वाचलंय' हा पुरावा चालत नाही. वापरकोश आजही तिला चूकच म्हणतात.

पाचव्यात कर्म माणूस आहे. शेतकऱ्याला मिटिगेट करता येत नाही, त्याच्या अडचणीला करता येतं: 'मिटिगेटेड द फार्मर्स डिस्ट्रेस'. माणूसच कर्म ठेवायचा असेल तर 'रिलीव्हड द फार्मर्स'.

आणखी एक. शब्द भारदस्त आहे. अहवाल, बातमी, निबंध, कोर्ट यांत शोभतो. भाजीतलं तिखट कमी करायला कोणी मिटिगेट म्हणत नाही.

बालाघाट

उच्चाराचं आधी घ्या, कारण मुलाखतीत तिथंच गडबड होते. मि-टि-गेट, जोर पहिल्या 'मि'वर. 'मायटिगेट' नाही. नाम करताना जोर सरकतो: मिटिगेशन, जोर 'गे'वर. आपण मराठीच्या सवयीनं सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणतो, त्यामुळं ऐकणाऱ्याला शब्द पटकन ओळखू येत नाही. स्पेलिंगमधे 'मि'नंतर 'टी' एकदाच, जोड 'टी' नाही, आणि त्या 'टी'नंतर 'आय'. 'मिटेगेट' असं लिहिणारे पुष्कळ आहेत.

व्युत्पत्ती लॅटिन. 'मितिस' म्हणजे मऊ आणि 'अगेरे' म्हणजे हाकणे, करणे. दोन्ही मिळून मऊ करणे. याच घडणीचे भाऊबंद: नेव्हिगेट (नाविस म्हणजे जहाज), लिटिगेट (लिस म्हणजे वाद, दावा), फ्युमिगेट (फुमुस म्हणजे धूर). मिलिटेट मात्र 'मिलेस' म्हणजे सैनिक या शब्दापासून आलेला. मिटिगेट धार बोथट करतो आणि मिलिटेट लढायला उभा राहतो. मुळं वेगळी कळली की 'अगेन्स्ट' कुणाला जोडायचा ते पाठ करावं लागत नाही.

इरिगेट दिसायला तसाच, पण तो या भावकीतला नाही. त्यात 'रिगारे' म्हणजे पाणी देणे हा धातू आहे. उगाच सोयरीक जुळवू नका.

सोयाबीन_उडीद

मिटिगेट केलं म्हणजे संकट संपलं असं धरायचं का? क्लासच्या एका नोट्समधे 'निर्मूलन' असा अर्थ दिलाय.

मन्याड

नाही. ते 'इरॅडिकेट' किंवा 'एलिमिनेट'. मिटिगेटमधे काहीतरी शिल्लक राहतंच. नोट्समधला अर्थ खोडा.

'कम्प्लीटली मिटिगेट' हा प्रयोग प्रकल्प अहवालांत आढळतो. काटेकोर लिहिणारे तो टाळतात, कारण पूर्ण गेलं तर मऊ काय केलं? 'पार्शली', 'सब्स्टॅन्शली', 'टू सम एक्स्टेंट' ही क्रियाविशेषणं त्याच्यासोबत नीट बसतात.

माळवद

आपल्या भागात या शब्दाची सगळ्यात जास्त गाठ पडते ती आपत्ती व्यवस्थापनात, आणि तिथं त्याला कायद्यातला ठरलेला अर्थ आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम २ मधे मिटिगेशनची व्याख्या आहे: आपत्तीचा किंवा येऊ घातलेल्या आपत्तीचा धोका, आघात किंवा परिणाम कमी करण्यासाठीचे उपाय. शासकीय मराठीत त्याला 'सौम्यीकरण' म्हणतात. १५ व्या वित्त आयोगानं राज्यांच्या आपत्ती निधीचे भाग पाडले, ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी. म्हणजे हे दोन शब्द तिथं समानार्थी नाहीत, त्यांची खातीसुद्धा वेगळी आहेत.

फरक समजायला किल्लारीचा भूकंप घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात माणसं मेली ती मुख्यतः घरं अंगावर पडून. दगड-मातीच्या जाड भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला, वर माळवदाच्या मातीचं ओझं. ढिगारे उपसणं, जखमींना दवाखान्यात नेणं, तंबू देणं हा 'रिस्पॉन्स'. नव्या घरांना लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या कडेच्या उंचीवर आरसीसी पट्टा, कोपऱ्यांत उभी सळई, भिंतीच्या आरपार जाणारे दगड, जुन्या घराच्या छतावरची माती उतरवून वजन कमी करणं, हे मिटिगेशन.

आता भाषेचा मुद्दा. यातल्या कशानंही भूकंपाचा जोर कमी होत नाही, कमी होतो तो घरावरचा आघात. म्हणून 'मिटिगेट अर्थक्वेक्स' असं लिहू नका. 'मिटिगेट अर्थक्वेक डॅमेज' किंवा 'अर्थक्वेक रिस्क' लिहा. दुष्काळाचंही तेच. जोडशब्दात 'ड्रॉट मिटिगेशन' रुळलेलं आहे, ते बिनधास्त वापरा. पण क्रियापद वापरताना 'मिटिगेट द इफेक्ट्स ऑफ ड्रॉट' जास्त नेमकं.

सोयाबीन_उडीद

मग एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. ते मिटिगेशन का रिस्पॉन्स?

माळवद

रिस्पॉन्स. संकट दारात आल्यावर केलेला उपाय. नळगळती थांबवणं, मांजरा धरणातला साठा कमी होताना पाणीवाटप आधीच बांधून देणं, विहीर-बोअरचं पुनर्भरण ही मिटिगेशनची कामं.

मन्याड

इथं थोडा वेगळा मुद्दा मांडतो. माळवद यांचं म्हणणं आपत्ती व्यवस्थापनाच्या पेपरापुरतं सोळा आणे खरं. पण साध्या इंग्रजीत 'द वॉटर ट्रेन मिटिगेटेड द शॉर्टेज' हे वाक्य चूक नाही. सर्वसाधारण अर्थानं टंचाईची तीव्रता रेल्वेनं कमी केलीच की. इंग्रजीच्या पेपरात हे वाक्य चुकीचं म्हणून खोडलं तर मार्क जातील, आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या पेपरात रेल्वेला मिटिगेशन म्हटलं तरी जातील. कुठल्या पेपरात बसलोय ते बघायचं.

गोदाकाठ

यात तिसरा अर्थ आहे आणि खरी वाट तिथं चुकते. हवामान बदलाच्या चर्चेत मिटिगेशन म्हणजे हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करणं किंवा ते शोषणारे साठे वाढवणं, जसं झाडं, माती. बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्याला तिथं 'ॲडॅप्टेशन' म्हणतात. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाच्या अहवालांत या दोघांचे कार्यगटही वेगळे आहेत: ॲडॅप्टेशन दुसऱ्यात, मिटिगेशन तिसऱ्यात.

आता शेततळं घ्या, ३० बाय ३० बाय ३ मीटरचं. दुष्काळ निवारणाच्या अहवालात ते 'ड्रॉट मिटिगेशन'. तेच शेततळं हवामान बदलाच्या अहवालात 'ॲडॅप्टेशन', कारण त्यानं उत्सर्जन काही कमी होत नाही, फक्त पावसाच्या खंडात एखादं संरक्षित पाणी देता येतं. सोयाबीनची रुंद वरंबा सरीवरची पेरणीही तशीच. खंड पडला तर सरीत ओल टिकते, जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं. हवामानाच्या भाषेत ॲडॅप्टेशन. डिझेल पंप काढून सौर पंप बसवला तर ते मिटिगेशन, कारण डिझेल जळायचं थांबलं. बांधावर झाडं लावली तर दोन्ही.

पोकरा या राज्याच्या शेती प्रकल्पाच्या इंग्रजी नावात (प्रोजेक्ट ऑन क्लायमेट रेझिलियंट ॲग्रिकल्चर) यातला एकही शब्द नाही, तिथं 'रेझिलियंट' आहे. म्हणजे तग धरणारा, झटका बसला तरी सावरणारा. उत्तरात या तिघांची खिचडी करू नका.

तेरणाकाठ

म्हणजे एकाच शेततळ्याला दोन अहवालांत दोन नावं, आणि दोन्ही बरोबर?

गोदाकाठ

होय. शब्दाचा गाभा बदलला नाही, कर्म बदललं. एकीकडे 'दुष्काळाचे परिणाम' मऊ करायचेत, दुसरीकडे 'हवामान बदल' हीच गोष्ट मऊ करायची आहे. उताऱ्यात मिटिगेशन दिसलं की पहिला प्रश्न, कशाचं मिटिगेशन? बऱ्याचदा कर्म एक-दोन वाक्यं आधी येऊन गेलेलं असतं.

तारीख_पे_तारीख

कोर्टातला वापर राहिला. तो जुना आणि पक्का आहे.

'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस' म्हणजे शिक्षा सौम्य करायला आधार देणारी परिस्थिती. याच्या समोर उभा शब्द 'ॲग्रव्हेटिंग', गांभीर्य वाढवणारी. बच्चनसिंग विरुद्ध पंजाब राज्य, १९८० या निकालात सर्वोच्च न्यायालयानं फाशीच्या संदर्भात ही दोन्ही पारडी मांडली. आरोपीचं वय, तीव्र मानसिक किंवा भावनिक क्षोभ, दुसऱ्याच्या दबावाखाली केलेलं कृत्य, सुधारण्याची शक्यता या गोष्टी मिटिगेटिंग बाजूला येतात.

विद्यार्थी हमखास चुकतात ते इथं: मिटिगेटिंग म्हणजे निर्दोष ठरवणारी नव्हे. दोष सिद्ध झाल्यावरच हा शब्द पुढं येतो. वकील शिक्षेआधी जे मांडतो त्याला 'इन मिटिगेशन' मांडणं म्हणतात.

दुसरा वापर करारात. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७३ च्या स्पष्टीकरणात याचं बीज आहे. इंग्रजीत 'ड्यूटी टू मिटिगेट', म्हणजे करार मोडला तरी आपलं नुकसान आपणच आटोक्यात ठेवायची जबाबदारी. हिशेब करून दाखवतो, आकडे नमुन्याचे आहेत. लातूरच्या एका डाळमिलनं १०० क्विंटल तूर ७,००० रुपये क्विंटलनं घ्यायचा करार केला. ठरल्या दिवशी विकणाऱ्यानं माल दिला नाही. त्या दिवशी बाजारात भाव ७,४००. मिलवाल्यानं तेव्हाच दुसरीकडून माल घ्यायला पाहिजे होता, तर फरक ४०० गुणिले १००, म्हणजे ४०,००० रुपये मागता आले असते. तो भाव ८,२०० होईपर्यंत बसून राहिला आणि १,२०,००० मागायला लागला, तर वरचे ८०,००० सहसा मिळत नाहीत. ते नुकसान त्याला टाळता येण्यासारखं होतं. 'ही फेल्ड टू मिटिगेट हिज लॉस.'

वर मन्याड म्हणाले कर्म पाहिजेच. निकालपत्रांत नुसतं 'फेल्युअर टू मिटिगेट' दिसेल. तिथं 'लॉस' हे कर्म गृहीत असतं, नियम मोडलेला नाही.

खुलताबादी

परदेशी, विशेषतः ब्रिटनला शिकायला जाणाऱ्यांसाठी भर. तिथल्या विद्यापीठांत आजारपणामुळं परीक्षा बुडाली किंवा काम वेळेत देता आलं नाही तर 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस'चा अर्ज असतो, बोलीत 'मिट सर्क्स'. काही ठिकाणी त्यालाच 'एक्स्टेन्युएटिंग' म्हणतात, अर्थ तोच. पुरावा लागतो आणि मुदतीत द्यावा लागतो.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी: त्रुटी सापडली आणि पॅच, म्हणजे तिची दुरुस्ती, अजून आला नाही, तोवर पोर्ट बंद करणं किंवा ती सोय तात्पुरती थांबवणं हे मिटिगेशन. पॅच लावून त्रुटीच काढली की 'फिक्स' किंवा 'रिमेडिएशन'. तिकीट, म्हणजे त्या त्रुटीची नोंद, बंद करताना 'मिटिगेटेड' लिहिलं तर त्रुटी अजून आत आहे असा अर्थ होतो. वरच्या 'निर्मूलन नाही' या मुद्द्याचाच हा नमुना.

सोयाबीन_उडीद

'अनमिटिगेटेड डिझास्टर' म्हणजे ज्या आपत्तीवर उपाययोजना झाली नाही ती, बरोबर ना?

मन्याड

बरोबर वाटतं, पण नाही. रोजच्या इंग्रजीत 'अनमिटिगेटेड' म्हणजे निव्वळ, निखालस, शंभर टक्के. 'द मीटिंग वॉज ॲन अनमिटिगेटेड डिझास्टर' म्हणजे बैठकीचा पार बट्ट्याबोळ झाला. मूळ कल्पना 'कशानंही मऊ न झालेला', त्यातून 'पूर्ण' हा अर्थ आला. नामाच्या आधीच येतो, आणि बहुतेक वाईट नामाच्याच.

तांत्रिक अहवालात 'अनमिटिगेटेड रिस्क' असेल तर मात्र शब्दशः अर्थ घ्यायचा: उपाय करण्याआधीचा धोका. पुढचं नाम 'रिस्क', 'एमिशन्स' असं मोजण्यासारखं असेल तर शब्दशः. 'डिझास्टर', 'फेल्युअर', 'नॉनसेन्स' असेल तर 'निव्वळ'.

तेरणाकाठ

अलिव्हिएट, अले, अबेट, असवेज हे चौघं राहिले. पर्यायांत हेच एकत्र देतात.

बालाघाट

यांना मराठी प्रतिशब्द देत बसू नका, सगळ्यांना 'कमी करणे'च येईल. सोबत कोणतं नाम येतं ते धरा.

अलिव्हिएट: वेदना, दारिद्र्य, हालअपेष्टा. सोसणाऱ्याचं ओझं आत्ता हलकं होतं. योजनांच्या नावात 'पॉव्हर्टी अलिव्हिएशन' ठरलेलं आहे, तिथं मिटिगेशन घातलं तर कानाला खटकतं. मिटिगेट पुढं घडू शकणाऱ्या गोष्टीलाही लागतो, म्हणून 'रिस्क' आला की मिटिगेट. 'अलिव्हिएट द रिस्क' विचित्र वाटतं.

अले: भीती, शंका, संशय. बस्स.

अबेट: वादळ, पूर, ताप, राग, आपोआप ओसरणारं काहीही. 'नॉइज अबेटमेंट'सारखा सकर्मक वापर कायद्यात आहे.

असवेज: अपराधी भावना, भूक, दुःख. साहित्यिक वळणाचा.

विरुद्धार्थी विचारले तर ॲग्रव्हेट आणि एक्झॅसर्बेट. दुसऱ्याचं स्पेलिंग लिहून लिहूनच बसतं.

मन्याड

पाठांतराची पद्धत सांगतो, पुढच्या शब्दांनाही चालेल. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहू नका, गाळलेली जागा असलेलं वाक्य लिहा. मागं शब्द, त्याच्यासोबत येणारी तीन नामं आणि एक चुकीचं वाक्य काट मारून. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाविसाव्या दिवशी परत बघा. पुढच्या बाजूला शब्द आणि मागं मराठी अर्थ असं कार्ड केलं तर शब्द ओळखता येतो, पण वाक्यात घालता येत नाही. वरची पाच वाक्यं त्याचाच परिणाम. शब्दकोशही इंग्रजी-इंग्रजी, शिकणाऱ्यांसाठीचा घ्या. त्यात क्रियापदापुढं सकर्मक-अकर्मक अशी खूण असते आणि 'फॉर्मल' असा शेरा असतो. मोबाईलमधल्या फुकट कोशात बहुतेक हे दोन्ही नसतं.

आता चार वाक्यं इंग्रजीत करा. सगळीकडे मिटिगेट बसणार नाही.

अ. शंखी गोगलगायींमुळं होणारं नुकसान कमी करायला बांधाच्या कडेनं चुन्याचा पट्टा टाकतात.
ब. दुपारनंतर पावसाचा जोर ओसरला.
क. प्रशासनानं धरणफुटीच्या अफवेनं पसरलेली भीती दूर केली.
ड. जमिनीचा उतार ठिबकच्या आड येतो.

सोयाबीन_उडीद

अ. फार्मर्स ले अ बँड ऑफ लाइम अलाँग द बंड्स टू मिटिगेट द डॅमेज फ्रॉम स्नेल्स.
ब. द रेन अबेटेड आफ्टर नून.
क. द ॲडमिनिस्ट्रेशन मिटिगेटेड द फिअर ऑफ द रूमर.
ड. द स्लोप मिलिटेट्स अगेन्स्ट ड्रिप.

मन्याड

अ आणि ब ठीक. अ मधे साधं 'रिड्यूस'ही तितकंच चांगलं, परीक्षक मार्क कापणार नाही.

क मधे 'अलेड'. शिवाय भीती अफवेची नव्हती, धरण फुटण्याची होती: 'अलेड फिअर्स ऑफ अ डॅम बर्स्ट'.

ड व्याकरणानं बरोबर, 'ड्रिप'पुढं 'इरिगेशन' जोडा म्हणजे अर्थ पुरा होईल. वाक्य मीच दिलंय, पण शेतीच्या दृष्टीनं ते लंगडं आहे. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब कमीजास्त झाला तरी सारखं पाणी सोडणारे ड्रिपर लावले तर चढउताराच्या रानातही ठिबक चालतं. त्यावरून पाचवं वाक्य घ्या: 'प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर्समुळं उताराचा परिणाम कमी होतो.' यात कर्म 'इफेक्ट' ठेवायचं, 'स्लोप' नाही.